पंचावन्न फुटांचे घर, बंदरोबंदरी माहेर

घर म्हटले की भिंती, छप्पर, शेजार आणि पायाखाली न हलणारी जमीन एवढे तरी आपण गृहीतच धरतो. पण ज्या घराची जमीन रात्रंदिवस हलते, शेजार शेकडो मैलांवर असतो आणि अंगणात पाय टाकताना कमरेला दोर बांधावा लागतो, अशा घरात सहाजणींनी आठ महिन्यांहून अधिक काळ संसार केला. हे घर म्हणजे भारतीय नौदलाची 'तारिणी' ही शिडाची बोट. लांबी जेमतेम 55 फूट.

10 सप्टेंबर 2017 रोजी तारिणीने गोव्याचा किनारा सोडला आणि जगाला वळसा घालून 21 मे 2018 रोजी ती गोव्यातच परतली. एकूण 254 दिवस लागले. त्यांतले 199 दिवस समुद्रात गेले, उरलेले बंदरांत. बोटीच्या तांडेल होत्या लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी. आडनावावरून मराठी वाटल्या तरी त्या उत्तराखंडच्या. सोबत हिमाचलच्या प्रतिभा जामवाल, विशाखापट्टणमच्या पी. स्वाती, हैदराबादच्या ऐश्वर्या बोड्डपाटी, मणिपूरच्या विजया देवी आणि डेहराडूनच्या पायल गुप्ता. एका स्वातीचे गाव तेवढे समुद्रकाठचे. बाकीच्या डोंगराळ मुलखातल्या, नाहीतर समुद्रापासून लांबच्या.

या मोहिमेच्या मागे मराठी माणसांची मेहनत मोठी आहे. शिडाच्या बोटीतून भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' बोटीतून एकट्याने ही प्रदक्षिणा पुरी केली, असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे या सहाजणींना शिकवले तेही त्यांनीच. म्हादेई आणि तारिणी या दोन्ही बोटी मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाल्या.

झोके घेणारा संसार

वादळे, उंच लाटा यांच्या गोष्टी सगळेच ऐकतात. पण बोटीवर राहायचे म्हणजे आधी रोजचे घरकाम. वाऱ्याने बोट एका कुशीवर कलते आणि कधी कधी दिवसचे दिवस तशीच कललेली राहते. शेगडी बोटीबरोबर झोके घेईल अशी टांगलेली असते, नाहीतर पातेले अंगावर यायचे. गोडे पाणी मोजून वापरायचे. ताजी भाजी पहिल्या काही दिवसांतच संपते, मग कांदे, बटाटे, कडधान्ये आणि डब्यातले पदार्थ. ओले कपडे वाळायला जागा नाही आणि दार लावून घटकाभर एकटे बसावे अशी खोलीही नाही.

शिवाय बोट रात्री थांबत नाही. कुणीतरी सुकाणूजवळ जागे असावेच लागते. म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या. कधी मध्यरात्री उठायचे, कधी पहाटे झोपायचे. आपली पाळी संपली तरी पुढची उठलीच नाही, तर काय होईल? एका घरात दोघी असल्या तरी भांड्याला भांडे लागते, इथे तर सहाजणी. रुसून माहेरी जावे म्हटले तर माहेर हजारो मैल दूर. म्हणूनच कामाची वाटणी आधी ठरलेली असते आणि तांडेलीचा शब्द अखेरचा असतो. त्या वर्षीची दिवाळी 19 ऑक्टोबरला आली, तेव्हाही बोट समुद्रातच होती.

चार मुक्काम

तारिणीने वाटेत चार बंदरांत थांबायचे ठरवले होते : ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटल्टन, फॉकलंड बेटांवरचे स्टॅनले आणि दक्षिण आफ्रिकेतले केप टाऊन. प्रत्येक ठिकाणी साधारण दोन आठवड्यांचा मुक्काम. याच चार बंदरांत दोंदे म्हादेई घेऊन थांबले होते. म्हणजे या मुली परक्या दारात उभ्या राहिल्या तरी त्यांच्या आधी कुणीतरी ती ओळख करून ठेवली होती.

बोटीवरच्या माणसाला बंदर म्हणजे नक्की काय? पोटभर झोप, पोटभर आंघोळ, धुतलेले कपडे आणि आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा. पण बंदरात नुसता आरामच नसतो. शिडे उसवलेली असतात, दोर झिजलेले असतात, पुढच्या टप्प्याचा शिधा भरायचा असतो. तिथल्या भारतीय कुटुंबांना भेटणे आणि शाळकरी मुलांशी बोलणे हाही या मोहिमेचा ठरवलेला भाग होता. परदेशात वाढलेल्या मुलीला आपल्यासारख्याच चेहऱ्याच्या ताया शिडाच्या बोटीतून उतरताना दिसल्या, तर ते तिला पुस्तकातल्या दहा धड्यांपेक्षा अधिक शिकवून जाते.

मात्र हे माहेर वेळेवर सोडावे लागते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान ओलांडणे त्यातल्या त्यात बरे. 'आणखी चार दिवस राहा' हा आग्रह कितीही गोड असला तरी तो मोडून निघावेच लागते. तारिणीने 12 डिसेंबरला लिटल्टन सोडले. मग सुमारे 40 दिवस जमिनीचा संबंध नाही. प्रशांत महासागरात 10 मीटरपर्यंत उंच लाटा सोसत 19 जानेवारी 2018 रोजी बोटीने केप हॉर्न ओलांडले आणि दोन दिवसांनी ती स्टॅनलेला पोचली. जेमतेम अडीच हजार वस्तीचे ते गाव. 40 दिवस फक्त पाणी पाहिलेल्या डोळ्यांना ते किती मोठे वाटले असेल!

न ठरलेले पाचवे दार

खरी परीक्षा झाली ती परतीच्या वाटेवर. केप टाऊन सोडल्यानंतर बोटीची सुकाणूची यंत्रणा बिघडली. घर जवळ आलेले, पण बोट वळवायची कशी हाच प्रश्न. शेवटी 18 एप्रिलला तारिणी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात आली. हा मुक्काम ठरलेला नव्हता. पण हे बंदर अगदीच अनोळखीही नव्हते. 2016 मध्ये वर्तिका जोशी महिलांचीच तुकडी घेऊन म्हादेईवरून इथे येऊन गेल्या होत्या. दुरुस्ती झाली, बोट पुन्हा निघाली आणि पावसाळा सुरू होण्याआधी गोव्याला लागली.

बोलावलेल्या पाहुण्याचे स्वागत कुणीही करतो. मोडक्या सुकाणूनिशी अवचित दारात आलेल्याला आत घेतले जाते, तेव्हा जुन्या ओळखीची किंमत कळते.

आपल्याकडे समुद्र ओलांडणे हे एकेकाळी पापच मानले जाई. 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या, तेव्हा त्या अवघ्या 18 वर्षांच्या होत्या आणि त्यांना समाजाची टीका सोसावी लागली. नंतरही बायका प्रवासी म्हणून बोटीवर चढल्या, सुकाणू मात्र पुरुषांच्याच हाती राहिले. कोळीवाड्यात आजही मासळीचा बाजार कोळणी सांभाळतात, पण होडी खोल समुद्रात नेतात ते बहुधा पुरुषच. नौदलानेही महिलांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली ती 1992 मध्ये. त्यानंतर पंचवीस वर्षांनी तारिणी निघाली.

आणि ती तिथेच थांबली नाही. 2 ऑक्टोबर 2024 रोजी हीच बोट घेऊन लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच गोव्याहून निघाल्या. सहाजणींनी वाटून घेतलेले काम आता दोघींवर होते. 29 मे 2025 रोजी 25 हजारांहून अधिक सागरी मैल कापून त्या परत आल्या. त्यांचे मुक्कामही तेच होते : फ्रीमँटल, लिटल्टन, स्टॅनले, केप टाऊन.

घर पंचावन्न फुटांचे असो वा दोन खोल्यांचे, ज्याने त्याने आपली पाळी वेळेवर उचलली तरच ते तरंगते. आणि माहेर टिकते ते वेळेवर निघणाऱ्या आणि मागून येणाऱ्यांसाठी चांगली ओळख ठेवून जाणाऱ्या लेकींमुळे.