कोयत्याची नोंद आणि माणसाची नोंद

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपल्या शाळेत विद्यार्थी दिन साजरा होतो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधील अनुक्रमांक १९१४. इतिहासाचा शिक्षक या नात्याने त्या पानाविषयी मुलांना सांगताना मी एका गोष्टीपाशी मुद्दाम थांबतो. हे कुटुंब साताऱ्याचे नव्हते. मूळ गाव कोकणातले आंबडवे. बाबासाहेबांचा जन्म महूचा. पुढे दापोली, मग सातारा. माता भीमाबाईंचे निधन १८९६ मध्ये साताऱ्यातच झाले. आजच्या भाषेत बोलायचे तर ते स्थलांतरितांचे कुटुंब होते, आणि परमुलखात त्या मुलाच्या वाट्याला जी एक भक्कम गोष्ट आली ती म्हणजे ही नोंद.

विद्यार्थी दिनाच्या आगेमागेच आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून, तसेच आपल्याच जत, आटपाडी, माण या दुष्काळी तालुक्यांतून तोडणीच्या टोळ्या कृष्णा-वारणेच्या काठी उतरतात. कुंडल, साखराळे, रेठरे, यशवंतनगर, शेंद्रे, भुईंज येथील कारखान्यांच्या परिसरात कोप्यांच्या वस्त्या उभ्या राहतात आणि पाच-सहा महिन्यांनी मोडतात. या टोळ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत. धनगर, मातंग, बौद्ध, भिल्ल, पारधी आहेत. आपल्या वसतिगृहातील काही मुलांचे आईवडीलही त्यांत असतात. म्हणून शाळेच्या वाटचालीचा गौरव करणाऱ्या या स्मरणिकेत त्यांच्या आरोग्याचा प्रश्नही मांडला जावा, असे मला वाटले.

या माणसांची कुठे नोंदच होत नाही, असे म्हणणे खरे नव्हे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाने कोणत्या कोयत्याला किती उचल दिली, कोणत्या गाडीतून किती ऊस आला, हे सारे चोख लिहिलेले असते. चिटबॉयची चिठ्ठी, गट कार्यालयाची यादी, वजनकाट्याची पावती अशी कागदांची अखंड साखळी आहे. उद्याच्या इतिहासकाराला तिच्या आधारे कोणत्या शिवारातून कोणत्या दिवशी किती ऊस तुटला हे सांगता येईल. तो तोडणाऱ्या बाईचे नाव काय, वय काय, तिला कितवा महिना होता, तिच्या लेकराला गोवराची लस मिळाली होती की नाही, हे मात्र सांगता येणार नाही. व्यवहार मुकादमाशी, उचल नवऱ्याच्या नावावर; कोयत्याच्या उरलेल्या अर्ध्याला नाव नसते.

आरोग्यखात्याची नोंद याच्या अगदी उलट आहे. ती माणसाची असते, पण गावाला बांधलेली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा सेविका. तिच्या वहीत तिच्या गावची घरे. गरोदर बाईची नोंद शिरूर कासारच्या किंवा धारूरच्या उपकेंद्रात झालेली असते आणि सातवा महिना लागतो तो वाळवा तालुक्यातल्या फडात. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत राहते. इथल्या आशाताईच्या वहीत ती नाही आणि तिथल्या आशाताईच्या वहीत ती ‘बाहेरगावी’. दोन्ही वह्या आपापल्या परीने बरोबर असतात.

सेवा उपलब्ध नाही अशातला भाग नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णयही त्याच वर्षीचा. दोन्ही निर्णयांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तोडणी पहाटे अंधारात सुरू होते, दुपारनंतर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि गाडी रिकामी होईपर्यंत कित्येकदा मध्यरात्र उलटते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग नेमक्या त्याच तासांत उघडा असतो ज्या तासांत ही माणसे फडात असतात. एक दिवस दवाखान्यात गेला की तो ‘खाडा’ ठरतो. त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर खाड्याची कापणी होते. फुकट मिळणाऱ्या गोळीसाठी एवढी किंमत मोजायला कोण धजेल? ताप अंगावर काढायचा, दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची आणि पुन्हा कोयता हाती घ्यायचा, हा त्यांचा रोजचा हिशेब आहे. तो अडाणीपणाचा म्हणता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याची आई आठव्या महिन्यात पायांवर सूज आणि डोकेदुखी घेऊन जवळच्या एका दवाखान्यात गेली. तिथे तिला नोंद कुठे आहे असे विचारले गेले आणि नोंद असेल त्या तालुक्याला जाण्याचा सल्ला मिळाला. तो तालुका तीनशे किलोमीटरवर होता. त्या आठवड्यात मुलगा वर्गात गप्प बसून असे. पुढे दुसऱ्या ठिकाणी तिचे बाळंतपण सुखरूप झाले. पण रक्तदाब मोजायला आधी नोंद लागत नाही, एवढे तरी त्या टेबलामागच्या माणसाला कळायला हवे होते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ महिलांच्या सर्वेक्षणाची आकडेवारी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे जवळपास सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आढळले होते. या आकड्यांवर पुष्कळ लिहिले गेले. खासगी डॉक्टरांचा लोभ, मुकादमांचा दबाव, बायकांच्या मनात घातलेली कर्करोगाची भीती, यांची चर्चा झाली आणि ती रास्तच होती. परंतु पश्चिम महाराष्ट्रात आपण ती सारी चर्चा ‘बीडचा प्रश्न’ म्हणून वाचली, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

शस्त्रक्रिया बीडमध्ये झाली, पण आजार कुठे वाढला? आंघोळीला आडोसा नाही, शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला कालव्याचे पाणी, आणि त्याच दिवसांत तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, जंतुसंसर्ग हे सगळे इथल्या फडात सुरू होते. वेळेवर तपासणी झाली तर यांतले बरेचसे साध्या औषधांनी बरे होणारे असते. हंगामभर ते अंगावर काढले जाते. उन्हाळ्यात बाई गावी परतते तेव्हा दुखणे जुने झालेले असते, पुढच्या हंगामाची उचल डोक्यावर असते, आणि मग ‘पिशवी काढली की कटकट मिटेल’ हा सल्ला तिला पटतो. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीत मिळतो. ही साखळी आपल्या शिवारात सुरू होते. म्हणून तिची जबाबदारीही प्रथम आपल्या दोन जिल्ह्यांवर येते.

आणि हे घडते कुठे? मिरजेच्या पंचक्रोशीत! १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले रुग्ण मिरजेची वाट धरत आले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. त्या नगरीपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर कोपीत बाळंत होणारी बाई आहे.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत दोन प्रसंग सांगितले आहेत, ते इथे आठवतात. पहिला आपल्याच जिल्ह्यातला. १९०१ च्या उन्हाळ्यात ही भावंडे खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर असलेल्या वडिलांकडे निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. दुसरा प्रसंग काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचा. त्याचे पत्र डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. बायको बाळंतीण, आजारी. डॉक्टर वस्तीत शिरेना. तिला बाळासह वस्तीबाहेर आणल्यावर त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला. हातही न लावता न्यूमोनियाचे निदान झाले. पुढे डॉक्टर पुन्हा आला नाही आणि ती बाई गेली. शिक्षक असल्यामुळे असेल, हे पान मला कधी सलग वाचवत नाही.

आज डॉक्टर असे अंतर राखू शकत नाही. संविधानाने त्याचा तो अधिकार काढून घेतला. पण हातांमधले ते अंतर आता वेळापत्रकात, नोंदवहीत आणि तालुक्याच्या हद्दीत जाऊन बसले आहे. त्यात कुणाचा द्वेष असेलच असे नाही. मरणाऱ्या बाईला मात्र त्याने फारसा फरक पडत नाही.

कायद्यांतही हीच फट आहे. कामगारांसाठी आरोग्यविमा असावा याची पायाभरणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना झाली. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्या व्याख्येत साखरेचे नाव होते. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा झाला तो आंतरराज्य कामगारांसाठी. बीडहून कराडला येणारा त्यात बसत नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली होती. फडातली बाई अजून त्या विश्रांतीच्या बाहेरच आहे.

मग करायचे काय? उत्तरासाठी फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातून, विशेषतः पाटण-जावळीच्या डोंगरी भागातून, हजारो माणसे मुंबईत ओझी उचलायला गेली. त्यांचा मालक एक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मंडळाकडे मजुरीसह लेव्ही भरायची, कामगाराची नोंद मंडळाकडे. मालक बदलला तरी भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार कायम. पुढे त्यांचे स्वतःचे रुग्णालयही उभे राहिले. साताऱ्याचा माणूस मुंबईत परका असताना त्याला जे मिळाले, ते बीडच्या माणसाला साताऱ्यात का मिळू नये?

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये देण्याची तरतूद झालेली आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे ते एक कोटी होतात. तेवढ्यात, निदान हंगामापुरता, एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि एक गाडी सहज परवडते. ही गाडी संध्याकाळी सातनंतर कोप्यांवर गेली पाहिजे, हे मात्र महत्त्वाचे. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात हेच केले. आपल्या खंडाळा तालुक्यातील नायगावची ही लेक, डॉ. यशवंतने हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात रुग्णांना स्वतः उचलून आणत होती. रुग्ण वेळेवर का आला नाही, असे तिने विचारल्याचे इतिहासात कुठे नमूद नाही. दुसरे, कारखान्याच्या यादीत कोयत्याऐवजी दोन माणसे लिहावीत, बाईच्या नावासह, आणि ती यादी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात त्या त्या आरोग्य केंद्राकडे जावी. शिधापत्रिका आता गावोगाव चालते. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. शाळा मुलाच्या मागे जाऊ शकते हे आपण मान्य केले. दवाखान्यालाही तेवढेच पाय हवेत.

यावर आक्षेप ठाऊक आहेत. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. आरोग्य केंद्र म्हणते, आमच्याकडे मंजूर पदे स्थानिक लोकसंख्येपुरती. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. हंगामात वाढणारी वस्ती धरून पदे मंजूर व्हायला हवीत. पहिल्यात नाही. वजनकाट्यावर ऊस कारखान्याचा होतो, मग तो तोडताना मोडलेली कंबर वाहतूकदाराची कशी? विनयपिटकातल्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहीनात, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले. घर सोडून आलेल्यांना इथे आईवडील नाहीत, तेव्हा शुश्रूषा कुणी करायची, हा त्यांचा भिक्खूंना प्रश्न होता. इथे तर आजारी माणूस उपयोगी आहे, आणि तरी ही स्थिती.

एक मुद्दा भाषेचा. बंजारा बाई दुखणे गोरमाटीत सांगते, भिल्ल बाई भिलीत, जतच्या पूर्व भागातली कन्नडमध्ये. पोटात ‘काय होते’ हे मराठीत न सांगता आल्यामुळे ती ‘दुखतंय’ एवढेच म्हणते आणि तेवढ्यावरच गोळी मिळते. या समाजांतल्या शिकलेल्या मुलींना हंगामात मानधनावर आरोग्यसखी म्हणून घेतले, तर हा अडसर बराच दूर होईल. आपल्या शाळेतून गेलेल्या काही मुली आज परिचारिका आहेत. त्यांच्याइतके हे काम कुणाला समजेल?

शाळेपुरते म्हणाल तर माझी व्यवस्थापनाला एक सूचना आहे. येत्या वर्षापासून प्रवेश अर्जात ‘पालकांचा हंगामातील मुक्काम’ असा रकाना ठेवावा: कारखाना, गट, मुकादमाचा फोन. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो भरून घ्यावा, आईचे नाव आधी लिहावे, आणि त्या यादीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या सहीने संबंधित प्राथमिक आरोग्य केंद्राला नेऊन द्यावी, पोच घेऊन. नववीच्या वर्गाला घेऊन हे काम करायला मी तयार आहे.