देव परीक्षक कीं पिता?

पुष्कळ मुलांच्या मनांत देवाचें जें चित्र असतें, तें एका कडक परीक्षकाचें असतें. हातांत वही घेऊन तो वर बसला आहे, आपली प्रत्येक चूक टिपून ठेवीत आहे व शेवटीं गुणांची बेरीज करणार आहे, अशी त्यांची समजूत असते. मोठ्या माणसांतहि ती विरळा नाहीं. "देव शिक्षा करील" हें वाक्य घरोघरीं जितकें ऐकूं येतें, तितकें "देवाची तुझ्यावर प्रीति आहे" हें ऐकूं येत नाहीं. माझ्या मतें ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय घातकहि आहे. कारण भीतीनें मूल आपला दोष लपवावयास शिकतें, सोडावयास शिकत नाहीं.

प्रभु येशूनें शिष्यांस प्रार्थना शिकविली, तेव्हां देवास पिता म्हणून हांक मारावयास सांगितलें. हा पिता कसा आहे हें लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरून दिसतें. तो पुत्र क्षमेचीं वाक्यें मनांत जुळवून घरीं परतला. परंतु तीं पुरीं होण्यापूर्वींच बापानें त्यास उत्तम झगा आणविला. तो दूर असतांनाच बाप धांवत गेला होता. प्रतिष्ठित गृहस्थ भर रस्त्यानें धांवत नसतात; हा धांवला.

पवित्र शास्त्रांत आईची उपमाहि आहे. यशया संदेष्टा देवाच्या सांत्वनास आईच्या सांत्वनाची उपमा देतो. महाराष्ट्रास ही भाषा परकी नाहीं. वारकरी विठोबास विठाई म्हणतात, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ख्रिस्तास आई व गुरु अशा दोन्ही नात्यांनीं आळविलें.

यावर कोणी म्हणेल कीं, असा देव मानल्यास मुलें बेफिकीर होतील. परंतु प्रीति व लाड या दोन भिन्न गोष्टी आहेत. तापानें फणफणलेल्या मुलास आई कडू काढा पाजते, त्याच्या रडण्याकडे पाहत नाहीं; आणि रात्रभर उशाशीं बसते तीहि तीच. देवाची शिस्त मी अशीच समजतों.

याहून कठीण प्रश्न दुसराच आहे. ज्याचे आईबाप लहानपणींच गेले, किंवा ज्यास बापाच्या हातून मारच मिळाला, त्यानें 'पिता' या शब्दापासून काय घ्यावें? येथें मला पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवतें. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालांत त्यांचे आईबाप गेले. १८८२ सालीं पति वारले. आणि १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमाहि गेली. असें असतां त्यांची देवावरील श्रद्धा ढळली नाहीं. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या आणि पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्यांस आश्रय दिला. दुःख कां येतें याचें पुरें उत्तर त्या कार्यांत नसेल. पण देवाचें वात्सल्य पोरक्या मुलापर्यंत बहुधा कोणाच्या तरी हातांनींच पोहोंचतें, हें त्यांत स्पष्ट दिसतें.

म्हणून पालकांस माझी नम्र विनंति आहे. मूल 'पिता' या शब्दाचा अर्थ प्रथम आपल्याच घरीं शिकतें. प्रगतिपुस्तक हातांत घेऊन तें खालीं मान घालून दाराशीं उभें राहतें, तेव्हां आपण जें बोलतां त्यावरून तें देवाविषयींहि कांहीं अनुमान बांधीत असतें. दोष अवश्य दाखवावा, पण आधीं त्यास घरांत घ्यावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, चूक झाली तर लपूं नका. ज्याच्यापासून आपण लपूं पाहतों, तोच आपली वाट पाहत असतो. त्याच्याकडे जाण्यास उत्तीर्ण व्हावें लागत नाहीं. आणि त्याच्याकडे गेल्यावर पुनः अभ्यासास बसण्याचें बळ येतें, असा माझा विश्वास आहे.