सीमेवरील जवान आणि सावद्याचे घर

कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आले. त्यांच्या पत्नी, दोन मुलांच्या माता स्वाती महाडिक चेन्नईतील खडतर प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. अशा धैर्यापुढे समाज नतमस्तक होतो. पण सैनिकाच्या संसाराचा भार वाटून घेतो का?

सावद्यासारख्या केळीच्या गावात जवान सीमेवर असताना बागेचे पाणी, घडांची काढणी, मुलांची शाळा, वृद्धांची औषधे हे सारे गृहिणीलाच पाहावे लागते. शेजाऱ्याने रात्री पंप चालू केला, तलाठ्याने उताऱ्यासाठी हेलपाटे घालायला लावले नाहीत, तर तीही राष्ट्रसेवाच होय. जवानाला रजा सरकार देईल. घराविषयीची निश्चिंतता मात्र गावानेच द्यावयाची असते.