इग्लूचे चित्र म्हणजे इलाज नव्हे

न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ‘स्पार्क्स’ हा संगणकीय खेळ कॅनडातल्या इन्युइट तरुणांसाठी बदलला गेला. खेळाडू त्यात निराश विचारांशी लढतो. नुनावुतच्या २५ वस्त्यांना एकमेकींशी जोडणारा रस्ता नाही. मानसोपचारतज्ज्ञ विमानानेच येणार. तेव्हा असे साधन हवेच. प्रश्न एवढाच, त्यातले बदल कोण ठरवणार?

पडद्यावर बर्फ आणि कुत्र्यांची गाडी दाखवली की झाले, असे नाही. ‘तुझा विचार बदल’ म्हणण्याआधी तो विचार आला कुठून, ते विचारा. कॅनडा सरकारने १९४० च्या दशकात इन्युइटांना नंबरचे बिल्ले दिले. मुलांना निवासी शाळांत नेऊन भाषा तोडली. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाने या शाळांच्या धोरणाला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. ही जखम मनाचा भ्रम नव्हे.

आपल्याकडेही विद्यापीठांतल्या आत्महत्यांवर ‘समुपदेशन वाढवा’ म्हणणारे जातीचे नाव घेत नाहीत.

खेळ बदलताना इन्युइट तरुणांना सोबत घेतले, ही दिशा योग्यच. पण खच्चून भरलेली घरे आणि महाग अन्न यांवर मोबाइलमध्ये औषध नाही. निधी, माहिती आणि निर्णय इन्युइटांच्या हाती द्या. सत्तेत वाटा न देता केलेला उपचार म्हणजे फक्त सांत्वन.

जय भीम!