शंभर अंशांतील छत्तीस होल
१९६४ च्या जूनमध्ये वॉशिंग्टननजीकच्या काँग्रेशनल क्लबच्या मैदानावर, पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपास असता आणि अमेरिकन ओपन या गोल्फ स्पर्धेच्या तत्कालीन दस्तुराप्रमाणे अखेरच्या दिवशी ३६ होल पुरे करणे प्राप्त असता, केन व्हेंच्युरी सकाळची फेरी ६६ फटक्यांत संपवून जवळजवळ मूर्च्छितावस्थेत परतला, तेव्हा पुढे खेळणे प्राणावर बेतेल, असे डॉक्टरांनी त्यास बजावले. तरीही मिठाच्या गोळ्या घेत, डॉक्टरांच्याच सोबतीने, तो दुपारभर संथ पावलांनी चालला आणि ७० फटक्यांची फेरी पुरी करून अजिंक्य ठरला. त्याच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु असले अग्निदिव्य नियमानेच लादावे, हे मला सर्वस्वी अमान्य आहे, आणि म्हणूनच १९६५ पासून दररोज १८ होलप्रमाणे चार दिवसांची झालेली स्पर्धा मला अधिक न्याय्य वाटते.