भ्रम म्हणून सोडून देऊ नका

आपल्या मंडळातील बरीच मंडळी आता साठीच्या पुढे गेली आहेत आणि अनेकांच्या घरी ऐंशी-नव्वदीचे आई-वडील आहेत. त्यामुळे ‘हॉस्पिस’ हा शब्द आता आपल्याला नवा नाही. रोग बरा करण्याचे उपचार थांबवायचे आणि उरलेले दिवस शक्यतो घरीच, वेदनेवाचून जाऊ द्यायचे, अशी ही व्यवस्था. रोग आपल्या गतीने गेला तर आयुष्य ६ महिने किंवा कमी उरले आहे असे दोन डॉक्टरांनी लिहून दिले, की मेडिकेअरच्या ‘पार्ट ए’मधून ती मिळते.

या काळात घरच्यांना वेदनेइतकाच हैराण करतो तो रुग्णाचा भ्रम. माणूस भलत्याच नावाने हाक मारतो, रात्रभर पांघरूण ओढत बसतो, किंवा दिवसभर गुंगून पडून राहतो. यावर आपण म्हणतो, ‘वय झाले, चालायचेच’, नाहीतर ‘आता बोलावणे आले’. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ हे दुखण्यासारखेच एक लक्षण आहे आणि ते त्याच दिवशी नर्सच्या कानावर घातले पाहिजे. हॉस्पिसचा फोन चोवीस तास चालू असतो.

माझ्या सासूबाई आमच्याकडे हॉस्पिसखाली होत्या. एका दुपारी त्या एकाएकी बिथरल्या. अंगावरचे कपडे ओढू लागल्या, आम्हाला ओळखेनात. नर्सने येऊन ओटीपोट चाचपले. लघवी तुंबली होती! नळी घातल्यावर संध्याकाळपर्यंत त्या शांत झाल्या. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, नवे औषध किंवा वाढवलेला डोस, अशी कितीतरी कारणे असतात. सगळी दूर करता येत नाहीत, विशेषतः शेवटच्या दिवसांत; पण तेव्हाही तळमळ कमी करणारी औषधे असतात. मात्र मॉर्फिन आपल्या मनाने बंद करू नये, आणि झोप लागावी म्हणून दुकानातली बेनाड्रिलसारखी गोळीही देऊ नये. तिने गोंधळ वाढू शकतो.

दुसरा मुद्दा भाषेचा. नर्स इंग्रजीत विचारते, आज तारीख काय? सासूबाईंना धडधाकट असतानाही तारीख ठाऊक नसे. तिथी मात्र कधी चुकली नाही. ‘आज एकादशी’ या बरोबर उत्तराला नर्स गोंधळ समजणार, आणि मराठीतले खरोखरचे असंबद्ध बोलणे तिला कळणारच नाही. तेव्हा ‘काल नातवंडांची नावे सांगत होत्या, आज सांगता येत नाहीत’, असा नेमका फरक आपणच सांगायला हवा.

वाद घालून भ्रम जात नाही. ‘मला घरी जायचंय’ म्हणाल्यावर ‘हेच तुमचं घर’ असे दहादा बजावून उपयोग नसतो. ‘तुमच्या घरी अंगणात काय होतं हो आई?’ असे विचारले की त्या बोलू लागत. चष्मा, कानातले यंत्र, रात्री मंद दिवा आणि एका वेळी एकाच माणसाचे बोलणे, एवढ्यानेही फरक पडतो. त्यांना कधी गेलेली धाकटी बहीण कोपऱ्यात दिसे. त्या हसत, ‘तिला बसायला दे’ म्हणत. अशा वेळी औषध कशाला? भीती किंवा तळमळ असेल तर मात्र जरूर मागावे.

आता थोडे व्यवहाराचे. पॉवर ऑफ अॅटर्नी आणि उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे याचे कागद डोके स्वच्छ असतानाच करावेत. भ्रमात घेतलेली सही कायद्याने टिकणे कठीण. जागरणाने घरचे थकले तर मेडिकेअरमध्ये रुग्णाला एका वेळी ५ दिवसांपर्यंत नर्सिंग होम किंवा हॉस्पिसच्या जागी ठेवता येते. खर्चाचा जास्तीत जास्त ५ टक्के वाटा आपला. लक्षणे हाताबाहेर गेली तर थोड्या काळासाठी २४ तासांत किमान ८ तासांची शुश्रूषा घरीही मिळू शकते, आणि त्यात मुख्य भाग नर्सचा असतो. ‘आईला बाहेर ठेवले’ असे लोक म्हणतील म्हणून ही सोय नाकारणे मला पटत नाही. दमलेल्या माणसाचा आवाज चढतो, आणि गोंधळलेल्या माणसाला शब्द कळले नाहीत तरी आवाज कळतो.

शेवटी एक सूचना. गणपतीच्या प्रसादाला कोण काय करणार याची आपण यादी करतो. तशीच, अशा घरी दोन तास बसू शकतील किंवा रात्री फोनवर नर्सला मराठीचे इंग्रजी करून सांगतील, अशा दहा-बारा सभासदांची यादी मंडळाने करावी. पहिले नाव माझे घालावे.