मुलगा मंडळापुढे, पालक कुठे?

कन्नड तालुक्यातील पिशोर हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. अद्रक, मका आणि कापूस यांच्या पैशावर येथील घरांचे वर्षाचे गणित बसते. गावाला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. न्यायालय मात्र कन्नडला, आणि अठरा वर्षांखालील मुलाची चौकशी करणारे बाल न्याय मंडळ त्याहून दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी, छत्रपती संभाजीनगरात. त्यामुळे मुलाचे नाव एखाद्या प्रकरणात आले की पालकांना मंडळ आठवत नाही. ते माणूस शोधू लागतात. ओळखीचा पुढारी, ठाण्यात ऊठबस असलेला मध्यस्थ, ‘मिटवून देतो’ म्हणणारा शेजारी. कायद्याने आपल्या हाती काय दिले आहे, हे त्या रात्री त्यांना कोणी सांगत नाही. आणि जे सांगितले जाते त्यातील बरेचसे चुकीचे असते.

वास्तविक बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा पालकांना दाराबाहेर उभे करीत नाही. त्याच्या तिसऱ्या कलमात जी मूलतत्त्वे सांगितली आहेत, त्यांत कुटुंबाच्या जबाबदारीचे तत्त्व स्वतंत्रपणे नोंदविले आहे. मुलाचे संगोपन आणि संरक्षण ही प्रथमतः त्याच्या कुटुंबाची जबाबदारी होय, असे ते तत्त्व सांगते. कुटुंबव्यवस्था कालबाह्य झाल्याचे निदान उठसूट करणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावयास हरकत नाही. संसदेने राज्ययंत्रणेच्या आधी घराचे नाव घेतले आहे.

आता ती पहिली रात्र. अशा मुलास कायदा ‘आरोपी’ म्हणत नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. त्याला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे उभे करावे लागते, आणि ठाण्यातही त्याचा ताबा नेमलेल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे असावा लागतो. पालकांना कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलास बेड्या घालू नयेत आणि कोणत्याही जबाबावर त्याची सही घेऊ नये. ‘एवढी सही करू द्या, मग घेऊन जा’ असे कोणी म्हटले तर पित्याने नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. तो नकार म्हणजे उद्दामपणा नव्हे.

वकिलाच्या फीसाठी बैल किंवा सोने मोडण्याचीही आवश्यकता नसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या बाराव्या कलमानुसार प्रत्येक बालक मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. तेथे उत्पन्नाची अट नाही. जामीन हा तर या कायद्यातील नियमच आहे. सुटकेमुळे मूल ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याचा, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका पोहोचण्याचा किंवा न्यायाचा हेतूच विफल होण्याचा संभव असेल, तरच मंडळ जामीन नाकारू शकते. म्हणजे मंडळाचा खरा प्रश्न मुलाला नसून घराला असतो. हा मुलगा आज परत गेला तर त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणी आहे काय? तालुक्याच्या पुढाऱ्याचे पत्र या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

वयाचा मुद्दा ग्रामीण महाराष्ट्रात विशेष नाजूक आहे. एके काळी गावोगावच्या गुरुजींनी शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख सर्रास १ जून लिहिली. त्या सोयीच्या नोंदीची सवय अजून पुरती गेलेली नाही. कायद्याचे ९४ वे कलम मात्र वय ठरविताना शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र प्रथम पाहते. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका वा महापालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. गुन्ह्याच्या दिवशीचे वय धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा शाळेत सहज लिहिलेली तारीख पुढे एखाद्याच्या आयुष्याची दिशा ठरवू शकते. वय सोळाच्या वर आहे की खाली, यावर एक मोठा फाटा फुटतो. ज्या गुन्ह्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो ‘घोर’ गुन्हा. आणि तसा आरोप सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलावर असेल, तर त्याची समज व क्षमता यांचे प्राथमिक मूल्यमापन करून मंडळ त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यास सामोरे जाण्यासाठी बालन्यायालयाकडे पाठवू शकते. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये घडलेल्या अमानुष घटनेनंतर देशभर जो क्षोभ उसळला, त्यातून ही तरतूद आली.

येथे एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. मुलांना वेगळा न्याय ही परदेशातून आलेली भाबडी कल्पना आहे, असे म्हटले जाते. हे म्हणणाऱ्यांना महाभारताचे आदिपर्व विसरलेले असते. अणीमांडव्य ऋषींना निरपराध असताना सुळावर चढविण्यात आले. लहानपणी कीटकांना काडी टोचल्याचे हे फळ आहे, असे यमधर्माने सांगताच ऋषींनी न्यायाच्या त्या अधिपतीलाच शाप दिला आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही, अशी मर्यादा घालून दिली. त्या शापातून विदुर जन्मला. अज्ञ वयाचा अपराध आणि जाणत्या वयाचा अपराध यांतील भेद या भूमीला कोणी बाहेरून शिकविलेला नाही. आधुनिक काळातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा १९२४ मध्ये झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी उभी राहिली. तुरुंगात खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धसास लावला, तो मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी.

तरीही जनसामान्यांच्या मनात या कायद्याविषयी जी अढी बसली, तिचे कारण पुण्याचे प्रकरण होय. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाने चालविलेल्या भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्याच दिवशी मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर त्याला जामीन दिला. त्या निबंधाची देशभर यथेच्छ टिंगल झाली आणि ती रास्तच होती. दोन घरांतील तरुण मुले गेली असताना न्याय असा शाळेतील शिक्षेसारखा दिसू लागला, तर समाजाने संतापावयाचे नाही तर काय करावयाचे? पण त्या संतापात एक गोष्ट निसटली. पुढे मुलाला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले, तेव्हा जामीन कायम असताना असे ठेवणे बेकायदा असल्याचे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी त्याची सुटका करविली आणि त्याला आत्याच्या ताब्यात दिले. त्याला प्रौढ मानावे, ही पोलिसांची मागणीही जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली. कायद्याची चौकट मुलासाठी शाबूत राहिली.

शाबूत राहिले नाही ते घर. वडिलांना पोलिसांनी छत्रपती संभाजीनगरातून ताब्यात घेतले. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या, त्या जागी आईचे रक्त ठेवल्याच्या आणि घरच्या चालकाने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबल्याच्या आरोपांखाली आई, वडील आणि आजोबा यांच्यावर कारवाई झाली. ससून रुग्णालयातील डॉक्टरही गजाआड गेले. या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु कायदा ज्या कुटुंबाच्या हाती मूल सोपवू पाहतो, ते कुटुंबच पुरावा मिटविण्यात गुंतल्याचा आरोप व्हावा, ही बाब त्या निबंधाहून कितीतरी गंभीर आहे. आणि हा केवळ धनिकांचा रोग आहे, असे समजून खेड्यांनी निश्चिंत राहू नये. मध्यस्थाच्या हाती नोटांचे पुडके ठेवणारा शेतकरी बाप त्याच वाटेवर चाललेला असतो. फरक केवळ रकमेचा.

वाहनाचे उदाहरण पिशोरलाही परके नाही. नववी-दहावीतील मुलगा मोटरसायकलवर शाळेत जातो, हंगामात ट्रॅक्टरही हाकतो, आणि घरात त्याचे कौतुकच होते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमाने या कौतुकाची किंमत ठरविली आहे. अल्पवयीन मुलाकडून वाहन चालविताना गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत घडले किंवा रोखण्याची सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. त्यात कोणी दगावले, तर विमा कंपनी मृताच्या वारसांना भरपाई देऊन ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते. ती वसुली कोठून होणार? जमिनीच्या तुकड्यातूनच.

दुसरा प्रसंग याहून अवघड, कारण त्यात लाज मिसळलेली असते. सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याहून लहान मुलगी घर सोडून जातात. मुलगी अठराच्या आत असल्यामुळे तिची संमती कायद्याच्या लेखी शून्य ठरते, आणि शरीरसंबंध आला असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली किमान शिक्षा दहा वर्षांची. अर्थात गुन्हा घोर आणि मुलगा सोळाच्या वर. अशा वेळी दोन्हीकडचे वडीलधारे बसून घाईने लग्न लावून देतात आणि अब्रू वाचली असे समजतात. प्रत्यक्षात बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार लग्न लावणारा आणि ते होऊ देणारा पालक दोघेही दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस व एक लाखापर्यंतच्या दंडास पात्र ठरतात. स्त्रियांना कारावास नाही, एवढाच अपवाद. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानंतर अठरा वर्षांखालील पत्नीच्या बाबतीत विवाहाची ढालही उरलेली नाही. मुलाचा एक गुन्हा झाकण्यासाठी थोरांचा दुसरा गुन्हा घडतो आणि पहिला जागच्या जागी राहतो. मुलीच्या शिक्षणाचे काय झाले, हे तर त्या बैठकीत कोणी विचारतही नाही.

झाकण्याची ही धडपड बहुतेकदा भविष्याच्या भीतीतून येते. पोलीस भरती, सैन्यभरती, चारित्र्य पडताळणी. पोराचा जन्म वाया गेला, असे आईला वाटते. ती भीती पुष्कळशी अनाठायी आहे. २४ व्या कलमानुसार, प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्यांचा अपवाद सोडता, या कायद्याखाली हाताळल्या गेलेल्या मुलास दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करावयाच्या असतात. त्याचे नाव, गाव, शाळा प्रसिद्ध करणे हाच गुन्हा आहे. त्याला सहा महिने कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलाचे छायाचित्र फिरविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शासनाने मात्र आपला वाटा उचललेला नाही. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असावेत, त्यांपैकी एक महिला असावी, असे कायदा म्हणतो. या नेमणुका किती जबाबदारीने व्हावयास हव्यात, हे पुण्यात दिसले; तेथील दोन सदस्यांना पुढे शासनाला दूर करावे लागले. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत पुरी व्हावी, ही मुदत कागदावर चांगली आहे. पण प्रत्येक तारखेला रोजंदारी बुडवून जिल्ह्याला जाणाऱ्या मजूर आईबापांचा विचार कोणत्याच मुदतीत नाही. मंडळाची बैठक ठरावीक दिवशी कन्नडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी घेण्यास काय अडचण आहे, याचे उत्तर महिला व बालविकास विभागाने द्यावयास हवे.

मुलाविषयीचा सामाजिक अन्वेषण अहवाल परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सादर करावयाचा असतो. त्यासाठी तो घरी येतो, शाळेत जातो, शेजाऱ्यांशी बोलतो. पुढचे बरेच काही त्या अहवालावर ठरते: समज देऊन घरी पाठविणे, समाजसेवेचे काम देणे, पालकांच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिवीक्षेवर सोडणे की विशेषगृह. ज्या घरात हमी देण्याजोगे कोणी नाही, अशा मुलासाठी कायद्यात ‘सुयोग्य व्यक्ती’ची सोय आहे. असे मूल काही काळ सांभाळण्यास तयार असलेल्या नागरिकाची पडताळणी करून मंडळ त्याला तशी मान्यता देऊ शकते. गावात शाखा, वसतिगृह वा शिकवणी वर्ग चालविणारे कार्यकर्ते, निवृत्त शिक्षक, मुले मोठी झालेली दांपत्ये यांच्यापैकी किती जणांनी असा अर्ज केला आहे?